दिवाळीनंतरची आवराआवर: नाशिकमधील घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाऊबीज झाली की पाहुणे परततात, फराळाचे डबे अर्धवट रिकामे होतात, माळ्यावरून उतरवलेली मोठी पातेली ओट्याखाली पडून राहतात आणि भेटवस्तूंची खोकी दिवाणाखाली सरकवली जातात. या काळात घर आवरताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे नाशिकची हवा, येथील बाजार आणि गोदावरी यांचा विचार करून पुढे दिली आहेत.

दिवाळीपूर्वी संपूर्ण घर झाडून-पुसून झालेले असते. मग दिवाळीनंतर पुन्हा आवराआवर कशासाठी करायची?

दिवाळीपूर्वीचे काम स्वच्छतेचे असते. जळमटे काढणे, पंखे पुसणे, डबे घासणे या घाईत वस्तू खाली उतरतात, पुसल्या जातात आणि पुन्हा त्याच जागी जातात, कारण ‘दिवाळीत लागेल’ हे कारण तेव्हा प्रत्येक वस्तूला लागू पडते. दिवाळी उलटली की ते कारण संपते. ज्या आठवड्यात घरात वर्षातील सर्वांत जास्त माणसे जेवली, सर्वांत जास्त पदार्थ तळले गेले आणि सर्वांत जास्त अंथरुणे घातली गेली, त्या आठवड्यातही जी परात, जो डबा किंवा जी चादर बाहेर आली नाही, ती एरवी लागण्याची शक्यता फारच कमी असते. माझ्या मते वस्तू ठेवावी की काढावी हे ठरवण्यासाठी याहून चांगली कसोटी नाही, कारण तिचे उत्तर आपल्याच घराने नुकतेच दिलेले असते. म्हणून स्वच्छता दिवाळीआधी आणि निवड दिवाळीनंतर, हा क्रम मी आग्रहाने सुचवते.

या कसोटीतून काही वस्तू मात्र वगळाव्या लागतात. गौरी-गणपतीचे मखर, उन्हाळ्यात कुरडया करण्याचा सोऱ्या, पापडाचे पोळपाट, लोणच्याच्या बरण्या आणि पावसाळी सामान यांचा हंगाम वेगळा असतो. त्यांचा निर्णय त्यांच्या हंगामानंतरच घ्यावा. तसेच दिवाळीत काय कमी पडले, शेजारून काय मागून आणावे लागले, याचीही नोंद आठवण ताजी असतानाच करावी. पुढच्या वर्षीची खरेदी त्या नोंदीवरून ठरली, तर अर्धा पसारा घरात येतच नाही.

सुरुवात नेमकी केव्हा करावी?

खाण्याच्या पदार्थांची भाऊबीजेनंतर लगेच आणि सजावटीची त्रिपुरी पौर्णिमेनंतर. पुष्कळ घरांत आकाशकंदील तुळशीच्या लग्नापर्यंत किंवा त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत लावलेला असतो. त्या रात्री गोदाघाटावरही दिवे लागतात. घरातल्या मोठ्यांना त्याआधी कंदील उतरवणे रुचत नाही आणि त्यांच्या भावनेला धक्का लावून घर आवरण्याची काहीच गरज नसते. नाशिकच्या हवेचाही विचार करावा. कार्तिक संपेपर्यंत पावसाळ्याची ओल गेलेली असते, हवा कोरडी होते आणि सकाळचे ऊन सौम्य असते. कपडे, गाद्या आणि ट्रंका उघड्या करण्यासाठी वर्षातील हा सर्वांत चांगला काळ होय.

एकाच रविवारी सगळे घर आवरून टाकावे का?

नाही. एका दिवसात सगळी कपाटे रिकामी केली, तर संध्याकाळपर्यंत थकवा येतो आणि उरलेला ढीग जसाच्या तसा पुन्हा आत कोंबला जातो. एका वेळी एक कप्पा किंवा एक ट्रंक घ्यावी आणि ती पूर्ण करूनच उठावे. घराबाहेर जाणाऱ्या वस्तू त्याच दिवशी बाहेर जातील, अशी व्यवस्था आधीच करून ठेवावी, कारण दाराजवळ ठेवलेली पिशवी चार दिवसांनी हमखास पुन्हा उघडली जाते.

उरलेल्या फराळाचे काय करावे?

सर्व डबे एकत्र काढून प्रत्येक पदार्थाचा वास घ्यावा. तळलेल्या पदार्थांतील तेल हवेच्या संपर्काने खवट होते. चकली, कडबोळी आणि शेव यांना असा वास येऊ लागला असेल, तर ते परत तळून किंवा भाजून सुधारत नाहीत, टाकावेच लागतात. चिवडा किंवा चकली नुसती मऊ पडली असेल आणि वास चांगला असेल, तर मंद आचेवर परतल्याने तिच्यातील दमटपणा निघून जातो. ओल्या नारळाच्या करंज्या आणि खव्याची मिठाई यांना दिवसांचीच मुदत असते. त्यांना बेसनाच्या लाडवांच्या हिशेबात धरू नये.

चांगल्या स्थितीतील फराळ सुरक्षारक्षक, घरकामाला येणाऱ्या ताई, घंटागाडीवरील कर्मचारी यांना द्यायचा असेल तर तो ताजा असताना, आपण पाहुण्यांना देतो तसा स्वच्छ पुड्यात बांधून द्यावा. आपल्या घरी कोणी खाणार नाही अशा अवस्थेला आलेला पदार्थ दुसऱ्याच्या हातावर ठेवणे योग्य नाही.

तळणीचे उरलेले तेल किती दिवस वापरता येते?

तेल गार झाल्यावर गाळून, झाकून ठेवावे आणि भाजी-आमटीच्या फोडणीत लवकर संपवावे. पुन्हा पुन्हा तळणीसाठी तापवलेल्या तेलात अपायकारक घटक वाढत जातात. अन्नपदार्थांच्या व्यवसायांसाठी याच कारणाने २०१८ पासून अशा तेलातील ध्रुवीय घटकांवर, म्हणजे तेल तापून बिघडत जाईल तसतशा वाढणाऱ्या घटकांवर, २५ टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे. घरात ते मोजण्याचे साधन नसते, परंतु तेल काळपट झाले, दाट झाले, त्याला फेस येऊ लागला किंवा ते लवकर धूर सोडू लागले, तर ते खाण्यात वापरू नये. असे तेल मोरीत किंवा सिंकमध्ये ओतल्यास ते नळीत थिजून साचते, आणि नाशिकच्या डिसेंबरमधील थंडीत ही अडचण अधिक जाणवते. थोडे तेल असेल तर जुन्या वर्तमानपत्रात किंवा लाकडाच्या भुशात जिरवून कचऱ्यात द्यावे.

पणत्या, आकाशकंदील आणि दिव्यांच्या माळा पुढच्या वर्षासाठी कशा ठेवाव्यात?

मातीच्या पणत्या तेल पितात आणि तशाच ठेवल्यास त्यांच्यावर धूळ चिकटून थर बसतो, शिवाय मुंग्या आणि झुरळे येतात. त्या गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून काही तास भिजवाव्यात, काथ्याने घासाव्यात आणि दोन दिवस उन्हात वाळवून, मध्ये कागद घालून रचाव्यात. तडा गेलेल्या पणत्या ठेवू नयेत, कारण पेटवल्यावर त्यांतून तेल झिरपते. कापडी किंवा बांबूचा कंदील घडी होत असेल तर घडी करून आडवा ठेवावा. ज्या कागदी कंदिलाचा रंग उडाला आहे, त्याचा सांगाडा काढून ठेवला की पुढच्या वर्षी मुलांना त्यावर नवा कागद लावता येतो.

विजेच्या माळा गुंडाळण्याआधी प्रत्येक माळ लावून पाहावी. चालणारी माळ पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून त्या पुठ्ठ्यावरच तिची लांबी आणि ती कुठे लावली होती ते लिहावे. ज्या माळेचे आवरण सोलले आहे ती चिकटपट्टी लावून ठेवू नये. सेलवर चालणाऱ्या दिव्यांतून सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरून दिवा कायमचा निकामी होतो.

रांगोळीचे रंग एकमेकांत मिसळले असतील, तर वेगळे करण्याचा खटाटोप करू नये. तो करडा रंग पांढऱ्या रांगोळीत मिसळला की भरणासाठी चांगला उपयोगी पडतो.

उरलेले फटाके घरात ठेवावेत का?

ठेवू नयेत. माळा, देवघराचे कपाट आणि स्वयंपाकघर या तिन्ही जागा त्यासाठी अत्यंत धोकादायक आहेत. उरलेले आणि न उडालेले फटाके बादलीभर पाण्यात रात्रभर पूर्ण बुडवून ठेवावेत आणि सकाळी घंटागाडीवरील कर्मचाऱ्यांना ते काय आहे हे स्पष्ट सांगून वेगळे द्यावेत.

मुलांच्या किल्ल्याची माती आणि चित्रे यांचे काय करावे?

किल्ला मोडण्याचे काम मुलांनाच करू द्यावे. मावळे, तोफा आणि शिवरायांची मूर्ती ओल्या फडक्याने पुसून, कागदात गुंडाळून एका खोक्यात ठेवावीत. माती चाळून कुंड्यांत किंवा तुळशीवृंदावनात घालावी. तिच्यातील वीट-दगडांचे तुकडे आणि प्लास्टिकची झाडे आधी वेचून काढावीत. सदनिकांच्या आवारात किल्ल्याची माती पावसाळी गटाराच्या तोंडाशी टाकलेली पुष्कळदा दिसते, ते कटाक्षाने टाळावे.

पूजेचे निर्माल्य, भंगलेल्या मूर्ती आणि जुन्या तसबिरी गोदावरीत सोडाव्यात का?

सोडू नयेत. रामकुंड आणि आसपासची कुंडे ही आपल्या श्रद्धेची जागा आहेत, म्हणूनच तेथे प्लास्टिकच्या पिशवीसह निर्माल्य पडलेले पाहून मनाला यातना होतात. फुले, पाने आणि वाळलेले हार दोरा व जरी काढून घरच्या कुंडीत किंवा निर्माल्य कलशात घालावेत. लक्ष्मीपूजनाच्या लाह्या-बत्तासे प्रसाद म्हणून संपवावेत.

तसबिरीचा प्रश्न अधिक नाजूक असतो. वर्षानुवर्षे पूजलेली तसबीर कचऱ्यात टाकवत नाही, म्हणून ती पिंपळाच्या पारावर किंवा मंदिराच्या भिंतीशी ठेवली जाते आणि पावसात भिजत पडते. तिचा मान राखण्याची याहून चांगली रीत अशी की, घरीच नमस्कार करून तसबीर उघडावी, काच आणि चौकट वेगळी करावी, कागदी चित्र स्वच्छ पाण्यात भिजवून त्याचा लगदा बागेच्या मातीत मिसळावा आणि चौकट पुन्हा वापरावी. शाडूची किंवा मातीची लहान मूर्ती भंगली असेल, तर ती बादलीत विरघळवून ते पाणी झाडांना घालता येते. धातूची मूर्ती झिजली असेल, तर ती मोडीत घालण्यापूर्वी घरातील ज्येष्ठांना विचारावे.

तांब्या-पितळेची खूप भांडी आहेत. कोणती ठेवावीत आणि कोणती काढावीत?

नाशिकमध्ये हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जुन्या घरात निघतो, आणि ते स्वाभाविक आहे, कारण तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी हे शहर पिढ्यान्‌पिढ्या ओळखले जाते आणि भांडी बाजारातून घेतलेला हंडा, बंब, घंगाळ किंवा परात या घरांत लग्नाबरोबर आलेली असते. अशा भांड्यांचा निर्णय एका दिवसात घेऊ नये.

प्रथम सर्व भांडी एकत्र मांडून पाहावीत. वापरातली भांडी वेगळी करावीत: तांब्याचा पाण्याचा हंडा, पूजेची ताम्हणे, समया, पुरणासाठी चढवले जाणारे पातेले. ही खालच्या, हात पोचेल अशा फळीवर यावीत. तांब्याचे भांडे रोज वापरले की ते उजळत राहते आणि जागा अडवल्यासारखे वाटत नाही. पितळी पातेल्यात स्वयंपाक करायचा असेल, तर आतील कल्हई पाहावी. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर. तो गेलेल्या भांड्यात ताक, चिंच किंवा टोमॅटो यांसारखा आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो आणि पोटाला अपाय करतो. कल्हईवाला मिळेपर्यंत असे पातेले कोरडे धान्य ठेवण्यापुरतेच वापरावे.

दुसरा गट नावे कोरलेल्या भांड्यांचा. आपल्याकडे आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव, प्रसंग आणि तारीख कोरण्याची पद्धत होती. ज्या आजीचे छायाचित्रही घरात नाही, तिचे नाव कधीकधी एखाद्या तांब्याच्या काठावर वाचायला मिळते. अशी सगळीच भांडी ठेवता येणार नाहीत हे मान्य आहे, तरी प्रत्येक नाव वाचून उतरवून घ्यावे, त्या अक्षरांचे छायाचित्र काढावे आणि एक-दोन भांडी निवडून दर्शनी जागी ठेवावीत. उरलेली आधी नातेवाइकांना विचारावीत. ज्यांच्या घराण्याचे नाव त्यावर आहे, त्यांना ते भांडे मोलाचे वाटू शकते.

जी भांडी खरोखर काढायची आहेत, ती मोडीत द्यावीत. तांबे, पितळ आणि कासे वेगवेगळे करूनच बाजारात न्यावे, कारण त्यांचे भाव वेगळे असतात आणि तांब्याचा भाव पितळेपेक्षा जास्त असतो. लोखंडी कड्या किंवा लाकडी मुठी असतील तर वजनातून किती वजा होणार हे आधी विचारावे, दोन दुकानांत भाव काढावा आणि घरी एकदा वजन करून न्यावे. मोडीच्या बदल्यात नवी भांडी घेण्याचा आग्रह झाला, तर आपण जागा मोकळी करण्यासाठी आलो आहोत हे लक्षात ठेवून पैसेच घ्यावेत.

ठेवायची भांडी चिंचेने किंवा लिंबू-मिठाने घासल्यावर स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच कोरडी करावीत. आंबटाचा अंश राहिला तर चार दिवसांत डाग पडतात. नंतर जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून, लहान भांडे मोठ्यात ठेवून माळ्यावर चढवावीत.

पैठणी आणि जरीच्या साड्या नीट कशा ठेवाव्यात?

येवला आपल्याच जिल्ह्यात असल्याने पैठणी येथे अनेक घरांत असते, पण ती ठेवण्याच्या पद्धतीत बऱ्याच चुका होतात. नेसून झाल्यावर साडी लगेच घडी करून कपाटात ठेवू नये. घामाचा ओलावा जाईपर्यंत ती सावलीत, वाऱ्यावर टाकावी. थेट उन्हात रेशमाचा रंग उतरतो. तेलाचा किंवा फराळाचा डाग दिसला तर घरी पाणी न लावता तो जाणकाराकडून ड्रायक्लीन करून घ्यावा, आणि डाग कशाचा आहे हे त्याला सांगावे.

साडी जुन्या, धुऊन मऊ झालेल्या पांढऱ्या मलमलीत किंवा सुती कापडात गुंडाळावी. दुकानातील प्लास्टिकच्या पिशवीत हवा खेळत नाही, ओल अडकते आणि जर काळी पडते. लोखंडी टांगणीवर जड पैठणी लटकवल्यास काठाच्या वजनाने रेशीम ताणले जाते. वर्षातून दोन-तीनदा घडी उलगडून दुसऱ्या ठिकाणी मोडावी, कारण एकाच रेषेवर सतत दुमडलेली जर तेथेच तुटते. दिवाळीनंतरचा कोरडा काळ आणि पावसाळा संपल्यानंतरचे दिवस या कामासाठी योग्य आहेत. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत. ठेवायच्याच असतील तर कापडी पुरचुंडीत बांधून कप्प्याच्या कोपऱ्यात ठेवाव्यात. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत आणि दुपट्यांत तर त्या मुळीच घालू नयेत, कारण काही बाळांच्या रक्तातील तांबड्या पेशींवर त्यांचा गंभीर परिणाम होऊ शकतो. वेखंडाचे तुकडे किंवा कडुनिंबाची नीट वाळवलेली पाने कापडात बांधून ठेवणे अधिक निर्धोक असते.

नेसली जाणार नाही अशी जुनी पैठणी असेल आणि तिचे अंगाचे रेशीम विरले असेल, तरी पदर आणि काठ पुष्कळदा शाबूत असतात. त्यांचे देवघराचे आसन किंवा मुलीचे परकर-पोलके करून घेता येते.

रोजच्या जुन्या कपड्यांची विल्हेवाट कशी लावावी?

तीन वाटा आहेत. घालण्यासारखे, धुतलेले, बटणे आणि चेन शाबूत असलेले कपडे दुसऱ्याला द्यावेत. बोहारीण अजून काही वस्त्यांत फिरते. तिला कपडे देणे हा उत्तम मार्ग आहे, कारण ती ते दुरुस्त करून पुन्हा बाजारात नेते. तिच्याशी व्यवहार करताना एका स्टीलच्या पातेल्यासाठी फार घासाघीस करू नये, आणि खरे सांगायचे तर पातेल्याऐवजी एखादी लहान वाटी घेतली किंवा काहीच घेतले नाही, तर घरातील भांडी वाढत नाहीत. जुन्या सुती साड्या आणि धोतरे गोधडीसाठी राखून ठेवावीत. ती शिवून देणाऱ्या बायका शहरात आणि आसपासच्या गावांत आहेत. फाटके, डागाळलेले कपडे कोणाला देऊ नयेत. त्यांची पुसणी करावीत, आणि तीही वापरता येतील एवढीच.

थंडीचे कपडे आणि अंथरूण-पांघरूण किती ठेवावे?

नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान पुष्कळदा १० अंशांखाली जाते आणि निफाडकडे थंडी त्याहून कडक असते, त्यामुळे स्वेटर, शाली आणि रजया आवराआवरीच्या वेळी आपोआप खाली येतातच. प्रत्येक स्वेटर घालून पाहावा. मुलांना आखूड झालेले स्वेटर याच आठवड्यात द्यावेत. थंडी संपल्यावर दिलेल्या स्वेटराचा घेणाऱ्याला वर्षभर उपयोग नसतो. दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत या दिवसांत पेठ-सुरगाण्याकडील मजूर कुटुंबे कामाला आलेली असतात, बांधकामांवर आणि घाटावरही उघड्यावर झोपणारी माणसे असतात. पांघरुणे द्यायची असतील तर धुऊन, ऊन देऊन आणि काय हवे आहे ते विचारून द्यावीत.

पाहुण्यांसाठी किती गाद्या ठेवाव्यात, याचे उत्तर दिवाळीत मिळालेलेच असते: जितकी माणसे एका रात्री झोपली तितक्या. मात्र २०२७ च्या सिंहस्थाच्या पर्वण्यांना आप्तेष्ट मोठ्या संख्येने येतील, हे गृहीत धरून ज्यांचे घर पंचवटी किंवा जुन्या नाशकात आहे, त्यांनी चांगल्या स्थितीतील जादा सतरंज्या आणि चादरी तोवर ठेवाव्यात. कापूस गोळा झालेल्या गाद्या मात्र त्या आशेवर सांभाळू नयेत. त्या पिंजून घ्याव्यात किंवा काढून टाकाव्यात.

मिठाईचे डबे, सुकामेव्याची खोकी आणि नको असलेल्या भेटवस्तू यांचे काय?

रिकामे खोके ‘कधीतरी कामाला येईल’ म्हणून ठेवायचे असेल, तर ते कशासाठी हे त्याच क्षणी ठरवून त्यात ती वस्तू भरावी. औषधे, शिवणाचे सामान, रुमाल यांसाठी काही खोकी खरोखरच उपयोगी पडतात. बाकीची चपटी करून सुक्या कचऱ्यात किंवा रद्दीत द्यावीत. तुपाने माखलेला कागद आधी वेगळा काढावा. नव्या टीव्ही-मिक्सरचे खोके परत करण्याच्या मुदतीपर्यंत ठेवावे, नंतर नाही. त्यातील थर्माकोलचे तुकडे मुलांच्या प्रकल्पांसाठी साठवून ठेवण्याची सवय सोडावी. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे आणि त्याचे कण नाल्यातून थेट नदीत जातात.

न लागणारी भेटवस्तू दुसऱ्याला देण्यात मला गैर वाटत नाही. फक्त ती कोणी दिली होती हे मागे चिठ्ठीवर लिहून ठेवावे, म्हणजे ती त्याच घरी परत जाणार नाही.

घंटागाडीत काय द्यावे आणि काय देऊ नये?

देशभरासाठी काढलेल्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरीच कचरा वेगळा करण्याची जबाबदारी आपल्यावर टाकली. आपला कचरा पाथर्डी शिवारातील खत प्रकल्पाकडे जातो; ओल्या कचऱ्यात काचा, सेल आणि दिव्यांच्या माळा मिसळल्या की त्याचे चांगले खत होत नाही, आणि वेगळे करणाऱ्यांचे हात कापतात. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वर ‘काच’ असे लिहून द्यावी. रंगांचे डबे, कीटकनाशके आणि मुदत संपलेली औषधे कधीही ओल्या कचऱ्यात घालू नयेत. बंद पडलेले मोबाइल, चार्जर, मिक्सर आणि माळा हा ई-कचरा आहे आणि तो अधिकृत संकलन केंद्रावर किंवा तो परत घेणाऱ्या विक्रेत्याकडेच द्यावा. भंगारात दिल्यास तांब्यासाठी वायर जाळली जाते आणि तो धूर वस्तीतच राहतो. फोन देण्यापूर्वी त्यातील माहिती पुसायला विसरू नये.

घरातील ज्येष्ठ मंडळी काहीच काढू देत नाहीत. त्यांना कसे समजवावे?

समजावण्याआधी ऐकून घ्यावे. ज्यांनी टंचाईचे दिवस पाहिले, ज्यांना स्वयंपाकाचे एक पातेले घेण्यासाठी महिनोन्‌महिने पैसे साठवावे लागले, त्यांच्या दृष्टीने डबा फेकणे हे कष्ट फेकण्यासारखे असते. त्यांच्या अनुपस्थितीत ट्रंक उघडून वस्तू काढणे ही मोठी दुखावणारी गोष्ट आहे आणि एकदा असे झाले की त्यांचा विश्वास पुन्हा मिळवायला वर्षे जातात.

दुपारच्या निवांत वेळी एकच ट्रंक त्यांच्या पलंगाजवळ आणावी, एकेक वस्तू त्यांच्या हातात द्यावी आणि ती कोठून आली ते विचारावे. बोलणे झाले की पुष्कळदा त्या स्वतःच सांगतात की हे नातीला द्या, ते अमुक वहिनींना पाठवा. वस्तू कोणाकडे जाणार हे ठाऊक असले की ती सोडणे सोपे जाते. कचऱ्यात जाणार म्हटले की हात आखडतो. म्हणून त्यांच्या वस्तूंसाठी घेणारा आधी शोधावा. त्यांची एक पेटी, एक कोनाडा किंवा एक कप्पा पूर्णपणे त्यांचा राहू द्यावा आणि त्यात काय आहे याची चौकशी करू नये.

जुन्या नाशकातील वाडा सोडून इंदिरानगर किंवा गंगापूर रस्त्याकडे सदनिकेत आलेल्या कुटुंबांत ही अडचण अधिक तीव्र असते, कारण वाड्यातील जाते, पाटा-वरवंटा, घडवंची आणि सागवानी संदूक दोन खोल्यांत मावत नाहीत. यातील संदूक ठेवणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. तो बसायला आणि अंथरुणे ठेवायला उपयोगी पडतो. पाटा-वरवंटा बाल्कनीत पाण्याने शेवाळणार असेल, तर तो गावाकडील नातेवाइकाच्या अंगणात अधिक चांगला राहील.

दिवाळी अंक, रद्दी आणि कागदपत्रे यांची निवड कशी करावी?

दिवाळी अंक संक्रांतीपर्यंत वाचून होतील असे गृहीत धरावे आणि वाचून झालेले अंक शेजारी, मित्र किंवा संस्था यांना द्यावेत. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे आणि लहान ग्रंथालये अनेक वसाहतींत आहेत. पण जुनी पुस्तके व अंक नेण्यापूर्वी त्यांना हवे आहेत का, हे विचारून जावे. रद्दीत देण्याआधी आधार कार्डाच्या प्रती, बँकेची पत्रे आणि कुरिअरच्या पाकिटांवरील पत्ते फाडून टाकावेत. दिवाळीत घेतलेल्या प्रत्येक वस्तूचे बिल आणि हमीपत्र एकत्र टाचून एका फाइलमध्ये ठेवावे. खरेदीखत, वारसनोंद, जन्म-मृत्यूचे दाखले आणि दागिन्यांच्या पावत्या कायम जपाव्यात; सातबारा उतारा मात्र डिजिटल स्वाक्षरीसह पुन्हा मिळतो, त्याच्या जुन्या प्रतींचे गठ्ठे सांभाळण्याचे कारण नाही.

माळ्यावर वस्तू परत ठेवताना कोणता क्रम ठेवावा?

जी वस्तू आधी लागणार ती पुढे, या क्रमाने. दिवाळीनंतर लगेच संक्रांतीची वाणाची सुगडी व हलव्याच्या दागिन्यांचा डबा, मग उन्हाळ्यातील वाळवणांचे सामान, मग गणपतीचे मखर आणि सर्वांत मागे दिवाळीचे खोके असावे. प्रत्येक खोक्यावर समोरच्या बाजूला, खाली उभे राहून वाचता येईल एवढ्या अक्षरांत आतील वस्तू लिहाव्यात. ‘इतर’ किंवा ‘किरकोळ’ असे एकही खोके असू नये, कारण न घेतलेले सगळे निर्णय त्यातच जाऊन बसतात. जड पितळ खालच्या थरात आणि हलका कंदील वर ठेवावा. भिंतीला टेकून पुठ्ठ्याची खोकी ठेवू नयेत, तेथे ओल आणि वाळवी आधी येते. विटांवर फळी टाकून त्यावर ती ठेवली की खालून हवा खेळती राहते.

शेवटी संपूर्ण यादी एका कागदावर लिहून माळ्याच्या दाराला आतून चिकटवावी आणि तिचे छायाचित्र घरातील प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावे, म्हणजे एखादी वस्तू घरात आहे की नाही हे दुकानात उभे असतानाही पाहता येते.